मुळं पाहण्यासाठी उपटलेलं रोप

घरी वांग्याचं रोप दुसऱ्या कुंडीत लावताना हाताला त्याचा उग्र, हिरवा वास लागला आणि धुळ्याच्या देवपुरातली एक शाळा आठवली.

तिथे मुलांनी आणि गल्लीतल्या लोकांनी मिळून बाग केली होती. मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. पाहुणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी नुसत्या फांद्या मातीत खोचून ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलं होतं. इथेही वाफे फारच ओले दिसत होते, रोपं फारच ताठ. कोणाला न विचारता मी वांग्याचं एक रोप उपटलं. लांब, पांढरी मुळं मातीसकट वर आली.

"नाना, यासनी मनं रोप उपाडं!" शेजारी उभी असलेली सहावीतली मुलगी अहिराणीत ओरडली. मी उपटलेलं रोप तिचं होतं. तिच्या वाफ्यात तेवढं एकच जगलं होतं.

बागेत राबणारे म्हातारे नाना शांतपणे म्हणाले, "दिसली ना मुळं, भाऊ? आता छापा."

त्या वेळी मी याला पडताळणी म्हणत होतो. आज वाटतं, त्या मुलीला विचारलं असतं तरी पुरलं असतं. तिने रोप पुन्हा लावलं, पाणी घातलं. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती माझ्या हातांवर नजर ठेवून होती.