पैशाची हमाली

बाजारात दुकान टाकून बसलं की गिऱ्हाईक येवो न येवो, किस्सा मात्र येतोच. आमच्या दिंद्रुडला दुकानादुकानात स्कॅनर लागले तेव्हापासून तर मालापेक्षा किस्स्यांचीच आवक जास्त! माझं चपलांचं दुकान. डाव्या हाताला बप्पांचं हॉटेल, उजव्या हाताला दिगंबरचं मोबाइलचं दुकान. तिघांच्याही काउंटरवर पाटी एकच, 'फोनवरून पैसे द्या, अगदी मोफत'. कुणाला मोफत, ते लिहायला पाटीवर जागा उरली नसावी.

*

स्कॅनर लावायला कंपनीचा माणूस आला तो थेट बप्पांच्या हॉटेलात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "बप्पा, एक रुपया लागत नाही!"

बप्पांनी तरुणपणी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहिलीत. त्यांनी विचारलं, "मंग हमाली कोण देतंय?"

"कसली हमाली?"

"आरं, मोंढ्यात पोतं ह्या ढिगावरून त्या ढिगावर टाकलं तरी हमाली कापतेत. हितं पैसा गिऱ्हाइकाच्या बँकेतून माझ्या बँकेत येणार. कोणतरी उचलून आणत आसंल का न्हाई?"

त्या माणसानं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. म्हणाला, "बँका सोसतात. थोडंफार सरकार देतं."

"म्हंजी आपलेच पैसे! हमाली आपली, नुसता हमाल सरकारचा!"

एवढं ऐकवून बप्पांनी स्कॅनर लावून घेतलाच. वर, पैसे आले की ओरडून सांगणारा डबाही घेतला. फुकट म्हटलं की आमचा सगळा शहाणपणा चहाबरोबर विरघळतो.

*

महिना झाला आणि बप्पांच्या खात्यातून पैसे कापले गेले. बप्पांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, हा चार्ज नाही. व्यवहार मोफतच आहे. हे फक्त डब्याचं भाडं आहे."

"भाडं? डबा कोणाच्या दुकानात राहतोय?"

"आपल्या, सर."

"लाइट कोणाची खातोय?"

"आपली, सर."

"मंग भाडं त्यानं द्यावं का मी?"

बाईंनी फोन 'वरिष्ठांकडे' जोडून दिला. वरिष्ठ अजून गाणंच वाजवतायत!

*

बँकेचं तर विचारूच नका. माझ्या खात्यातून मेसेज पाठवण्याचा चार्ज कापला गेला. तो कापल्याचा मेसेजही आला. मी बँकेत गेलो आणि एसीखालच्या साहेबांना विचारलं, "साहेब, ह्या मेसेजचाबी चार्ज लागंल का?"

साहेबांनी कॉम्प्युटरवरून मान न उचलता सांगितलं, "मेसेजनं कळवू ना!"

*

आमच्याकडं एक युवा नेते आहेत. चौकात त्यांचे फलक एवढे मोठे, की मागचं झाड दिसत नाही. त्यांनी गावात 'डिजिटल गाव'चं उद्घाटन केलं आणि त्याच पांढऱ्या कपड्यांत माझ्याकडं बूट घ्यायला आले. दुकानातला सगळ्यात भारी जोड उचलला, फोनमधलं क्रेडिट कार्ड स्कॅनरवर मारलं, चार पोरांनी फोटो काढले.

माझ्या खात्यात पैसे कमी आले. क्रेडिट कार्डाचा चार्ज दुकानदाराकडून कापतात, हे मला तेव्हा कळलं. मी नेत्यांना फोन केला. म्हणाले, "विकास म्हणलं की थोडी झळ सोसावी लागती."

"कोणी, साहेब?"

"व्यापाऱ्यानं!"

पुढच्याच आठवड्यात त्यांचा कार्यकर्ता दारात हजर. साहेबांचा वाढदिवस, वर्गणी पाहिजे. मी हौसेनं फोन काढला, "कुठं मारू?"

"न्हाई न्हाई, वर्गणी रोख!"

"कावून?"

"साहेब म्हणतेत, त्या ऑनलाइनात कापाकापी लई होती!"

*

आता दिगंबर. गावातल्या एटीएमला नोटांची आठवण क्वचितच येते, त्यामुळं दिगंबरचं फावलं. तुम्ही त्याला फोनवरून पैसे पाठवायचे, तो तुम्हाला नोटा देणार आणि हजारामागं दहा रुपये ठेवून घेणार. कशाचे म्हणून विचारलं, तर कधी नेटवर्कचे, कधी सर्व्हरचे. त्याला फोनवरून पैसे घ्यायला दमडी लागत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. तरी आम्ही देतो आणि वर त्याच्याच दुकानात उभं राहून देशाच्या प्रगतीवर बोलतो!

एकदा त्याचे सासरे नोटा न्यायला आले. दिगंबरनं त्यांचेही कापले. सासरे म्हणाले, "जावईबापू, माझ्याकडूनबी?"

"मामा, मी कुठं घेतोय? सर्व्हर घेतोय!"

ते अधिक महिन्याचे दिवस होते. सासऱ्यांनी नोटा शांतपणे खिशात घातल्या.

"आसं का? मंग यंदा धोंड्याच्या जेवणाला सर्व्हरलाच पाठवा. कपडेबी त्यालाच करू!"

*

दिवाळी सरली की आमच्याकडची माणसं कारखान्यांकडं ऊस तोडायला जातात. जाण्याआधी मुकादम पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ती पुढं ऊस तोडून फेडायची. आधी उचल हातात पडायची, आता फोनवर येते.

निघायच्या दिवशी शेवंताआक्का दिगंबरच्या दुकानात आली. सासू आणि लेक गावातच राहणार होत्या. त्यांच्या हातात रोख ठेवल्याशिवाय तिला निघता येत नव्हतं. एटीएम नेहमीप्रमाणं कोरडं. बाहेर ट्रक भरून उभा, नवरा टपावरून हाका मारतोय. मी आणि बप्पा तिथंच उभे होतो.

तिनं पैसे पाठवले. दिगंबरनं नोटा मोजल्या आणि त्यातल्या काही परत गल्ल्यात टाकल्या. गर्दी बघून त्यानं त्या दिवशी हजारामागं वीस केले होते. मला त्याची किळस आली.

आक्का म्हणाली, "दिगंबर, ही कमाई न्हाई, उचल हाय. आजून उसाला हातबी लागला न्हाई. म्हातारीच्या गोळ्या ह्याच्यातच हायेत, लेकीचं खाणंबी ह्याच्यातच. पुरे पैसे दे."

"आक्का, माझ्या हातात काय हाय? तुमी नुसतं बोट लावलं की आपोआप कापलं जातंय!"

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. खाली वाकून आक्कानं गाठोडं सोडलं, आतला नवी धार लावलेला कोयता काढला आणि दिगंबरच्या काचेच्या काउंटरवर ठेवला. मूठ त्याच्या बाजूला.

"घे," ती म्हणाली. "बोटानं कापून कापून दमला आसशील!"