गुणवंतच्या तोंडून गेलेलं 'आउगुरी'

दुबईतल्या त्या इटालियन रेस्टॉरंटात गुणवंत वेटर म्हणून लागला तेव्हा त्याला पिझ्झा आणि पास्ता एवढे दोनच शब्द ठाऊक होते. बाकीचे शिकवले ब्रुनोसाहेबांनी. ते एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. दर शुक्रवारी दुपारी बायकोला, कार्लामॅडमना, घेऊन शारजाहून यायचे. गुणवंतनं प्लेट ठेवली की म्हणायचे, "नुसती ठेवू नकोस. 'बुऑन अपेतीतो' म्हण."

"म्हणजे आमचं 'सावकाश होऊ द्या', सर."

साहेबांना ते फार आवडलं. मग कामाला निघालेल्याला 'बुऑन लावोरो', आराम करणाऱ्याला 'बुऑन रिपोझो' आणि वाढदिवस, लग्न, बारसं असं काही असलं की 'आउगुरी', असं एकेक चालू झालं. गुणवंतला गंमत वाटायची. देवरुखकडच्या त्याच्या घरी कामावर जाणाऱ्याला कुणी शुभेच्छा देत नसे, 'लवकर ये' म्हणत, बस्स. आता अजमानला तो राहायचा त्या खोलीतून बांधकामाच्या साइटवर निघालेल्या सोबतच्या पोरांना तो 'बुऑन लावोरो' म्हणायचा, आणि पोरं हसायची, "यल्ला, चल रे इटालियन, चहा टाक!"

२००१ च्या मार्चमध्ये साहेबांनी पुढच्या महिन्यातलं टेबल सांगून ठेवलं. लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. "त्या दिवशी मोठ्यानं म्हणायचं हं, 'तांती आउगुरी', खूप खूप शुभेच्छा!"

तो शुक्रवार आला. कार्लामॅडम सात-आठ माणसं घेऊन आल्या. सगळे काळ्या कपड्यांत, एकमेकांना मिठ्या मारत, गालाला गाल लावत. इटालियन लोक पार्टीला काळं घालतात हे गुणवंतनं पाहिलं होतं. साहेब दिसेनात, गाडी लावत असतील. त्यानं पहिली प्लेट मॅडमसमोर ठेवली आणि मोकळ्या आवाजात म्हणाला, "तांती आउगुरी, सिन्योरा!"

मॅडमनी नुसतं पाहिलं आणि मग नॅपकिन तोंडावर धरला. एकानं उठून गुणवंतला कोपराला धरून बाजूला नेलं. "ब्रुनो परवा गेला. हार्ट अटॅक. आम्ही चर्चमधून येतोय. टेबल त्याच्या नावावर होतं, म्हणून तिला इथेच यायचं होतं."

ट्रे हातात घेऊन गुणवंत आत येऊन उभा राहिला. आपण काय बोललो ते आधी कळलं. साहेब गेले, हे मागाहून.

मॅनेजर रोशन आत आला. "खलास. कल से तू डिश-वॉश में."

"सर, मेरे को मालूम नहीं था."

"मालूम नहीं था तो मुँह क्यों खोला?"

भांडी घासण्याचं त्याला दुःख नव्हतं. पण मॅडमचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यानं शेफकडून 'कोन्दोल्यांत्से' हा सांत्वनाचा शब्द घेतला, टॅक्सीत घोकला आणि सुट्टीच्या दिवशी शारजात अल मजाजला त्यांचं घर गाठलं. दार उघडलं, आणि शब्द म्हणायचा राहूनच गेला. तो सोफ्याच्या कडेला बसला. मॅडमनी पाणी आणून ठेवलं.

"रोशनला मीच सांगितलं," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "की तू परत माझ्यासमोर नको."

"बरोबर केलंत, मॅडम."

"नाही. पण मला तुझा आवाज सहन झाला नाही. तू अगदी ब्रुनोसारखं बोलतोस."

तेव्हा गुणवंतला रडू आवरलं नाही. त्याला पाहून त्यांनाही.

तो उठला तशा मॅडम "अरिवेदेर्ची" म्हणाल्या, म्हणजे 'पुन्हा भेटू'. गुणवंत न बोलता दाराकडे वळला.

"रागावलास?"

"नाही, मॅडम." त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "अशा घरातून निघताना आम्ही 'येतो' म्हणत नाही. अशा कारणासाठी परत यायला लागू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. लिफ्ट येईपर्यंत दार धरून उभ्या राहिल्या, पण पुन्हा काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुणवंतला पुन्हा वेटर म्हणून घ्या असं सांगायला रोशनला फोन केला. तोवर गुणवंतची जागा भरली होती. जुलैत मॅडम इटलीला निघून गेल्या. गुणवंतनं भांडी घासतच कॉन्ट्रॅक्ट पुरं केलं आणि मग अजमानच्या एका मेसमध्ये काम धरलं. आईनं फोनवर विचारलं, "आता बरं चाललंय ना रे?" तो "हो" म्हणाला, आणि फोनचं कार्ड संपेपर्यंत घरच्या गाईला वासरू झालंय त्याचंच विचारत राहिला.