सांगायचं राहिलं

देशमानेसरांनी माझ्या टेबलावरची त्यांची फाईल उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. सर निवृत्त शिक्षक. सोळा वर्षं त्यांचं आयकराचं विवरणपत्र मीच भरत आलो होतो. यंदा कायदा बदलला आणि त्यांची एक सवलत गेली, त्यामुळे दरवर्षीचा परतावाही मिळणार नव्हता. मला ते तीन महिने आधीच कळलं होतं. पण वाईट बातमी सावकाश सांगू, म्हणून मी फोन टाळत राहिलो. इकडे परताव्याच्या भरवशावर सरांनी पत्नीसाठी कानाचं यंत्र मागवूनही टाकलं.

"सर, कायदाच बदलला. माझ्या हातात काय होतं?" मी म्हणालो.

"कायद्याचा राग नाही हो. गेल्या महिन्यात बाजारात भेटलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. तरी हसून बोललात."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले.

लोक माझ्याकडे हिशेबासाठी येतात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यांना आधी कुणीतरी सांगणारं हवं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दुपारी मी बाकीच्या सगळ्या क्लायंटना फोन केले. काही चिडले, काहींनी आभार मानले. शेवटी सरांचा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आतच फोन बंद केला.