एटीव्हीच्या चाकात अडकलेलं जाळं

मंडळी, मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीवर, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलवर, फिरवणं हा माझा धंदा. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून गाडी रोज गोड्या पाण्याने धुवावी लागते.

काल वाळूत सुकत घातलेलं रापणीचं जाळं कोणाच्या तरी गाडीखाली फाटलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची मासेमारी; ती सगळ्या वाडीची, त्यात बाबांचाही वाटा. संध्याकाळी बैठकीत माझं नाव निघालं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "माझो झील जाळ्यावरसून गाडी घालुचो नाय."

मलाही तसंच वाटत होतं.

आज सकाळी गाडी धुताना मागचं चाक जड फिरत होतं. काढून बघितलं, तर आतल्या दांड्याला जाळ्याचा पीळ बसलेला. मी सुरी घातली, तेवढ्यात बाबा आले. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि खाली बसून एकेक धागा सोडवला.

सगळा गुंता हातात घेऊन उठले. "रापणवाले देवळाकडे बसलेत. तू येतंस, की मी एकटोच जाव?"

मी म्हटलं, "गाडी धुवन येतंय."

ते एकटेच गेले. गाडी केव्हाच धुवून झाली आहे. आता कोणत्या तोंडाने जाऊ, सांगा.