चतुराबाईंचा निशाचर

माझ्या सासूबाईंना, म्हणजे चतुराबाईंना, मी आत्याबाई म्हणते. इंद्रजीतशी लग्न होऊन मी औरंगाबादला सिडकोत आले तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाकीच्या सुना सासूला मम्मी म्हणत होत्या. आत्याबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सोनिया, आमच्या करमाडला सासूला आत्याबाईच म्हणत्यात. आई तुला हाये की एक." मला ते आवडलं. बाई सरळ आहे, असं मी तेव्हाच ठरवलं. माझा स्वभाव असा की एकदा ठरवलं की पुन्हा तपासायला जात नाही.

त्या सरळ आहेतच. भाजीवाल्याने चुकून मेथीची एक जुडी जास्त टाकली, तर त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला हाका मारत राहतात. खोटं बोलायला गेल्या की कान लाल होतात. अशा बाईने आयुष्यात दोन लबाड्या केल्या, आणि दोन्ही एकाच सिनेमापायी.

पहिली लबाडी गोड आहे. ती त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मीच तिथे होते असं मला वाटतं.

माझे सासरे पुंडलिकराव मी पाहिले नाहीत, माझ्या लग्नाआधीच ते गेले. गावी करमाडला तेव्हा मोठं एकत्र खटलं होतं. नवऱ्याने दिवसाउजेडी बायकोशी दोन शब्द बोलायचे तर आधी दहा माणसांच्या नजरा चुकवायला लागायच्या. त्यात सासरे मुळातच अबोल. चिकलठाण्याच्या कंपनीत जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. एका शनिवारी त्यांनी आपल्या आईला, वच्छलाबाईंना सांगितलं की हिला दवाखान्यात दाखवून आणतो. बायकोला घेऊन ते औरंगाबादला आले आणि थेट टॉकीजवर गेले. सिनेमा इंग्रजी होता. का, तर इंग्रजी पिच्चरला करमाडचं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही!

सिनेमा होता एका रक्तपिशाचाचा. पण हा पिशाच चांगला. लांब काळा कोट घालायचा, उन्हात गेला की भाजायचा, रात्रभर काळ्या मोटारसायकलवर शहरात हिंडायचा. शहरातल्या एका दवाखान्यावर दुसऱ्या, वाईट पिशाचांचा डोळा होता. त्यांना हा एकटा भिंतीवर आपटायचा. आत्याबाई घाबरून खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. तेव्हा सासऱ्यांनी त्यांचा हात धरला आणि कानात सांगायला लागले, "भिऊ नको. ह्यानं आईला शबूद दिलाय. माणसाच्या रक्ताला त्वांड लावणार नाय म्हणून."

मग ते शेवटपर्यंत सांगतच राहिले. कोण कोणाचा कोण, कोण का चिडलाय, आता काय होणार. घरी महिनाभरात बोलले नसतील तेवढं त्या अंधारात बोलले. हाप टाइमला त्यांनी समोसा आणला आणि आधी तिच्यापुढे धरला. पुढच्या शनिवारी पुन्हा दवाखाना, त्याच्या पुढच्याही शनिवारी दवाखाना. शेवटी वच्छलाबाईंनी विचारलं, डॉक्टर म्हणतो तरी काय? आत्याबाईंच्या डोक्यात रक्तच रक्त. त्या बोलून गेल्या, "रक्त कमी हाये म्हणतो." झालं. सासूने गूळ-शेंगदाणे आणि पालकाचा मारा सुरू केला. "पिच्चर उतरला तवा मी ही अशी फुगले व्हते," असं सांगून आत्याबाई पदर तोंडाला लावून हसतात.

दुसरी लबाडी मला यंदाच्या श्रावणात कळली. तुम्हाला मात्र आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

आमच्या शेजारी उमाकाकू राहतात. घराणं भिक्षुकीचं, पण त्यांचे यजमान श्रीधरकाका जिल्हा परिषदेत कारकून होते आणि व्रतवैकल्यांची टिंगल करण्यात पटाईत. श्रावणात एका शनिवारी गल्लीतल्या बायका उमाकाकूंकडे जमतात आणि काकू कहाणी सांगतात. काही वर्षांपूर्वी श्रीधरकाकांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात कहाणीचा शनिवार आला. काकू कहाणी सांगायला बसल्या आणि पहिल्या वाक्यालाच थांबल्या. त्या म्हणाल्या, "चतुराबाई, आज तुम्ही सांगा." आत्याबाईंना एकही कहाणी धड येत नव्हती. शेतातल्या कामात कोण कहाण्या ऐकत बसणार? पण सगळ्या शिकल्यासवरल्या बायका तोंडाकडे बघत होत्या. 'मला येत नाही' म्हणायची त्यांना लाज वाटली.

आणि त्यांनी सुरुवात केली. आटपाट नगर होतं. नगरात एक निशाचर राहत होता.

मोटारसायकलचा काळा घोडा झाला, दवाखान्याची धर्मशाळा झाली. वाईट पिशाच यमाचे दूत झाले. निशाचराने आईला वचन दिलं होतं की माणसाच्या रक्ताला तोंड लावणार नाही. आजाऱ्यांच्या उशाशी तो रात्र रात्र पहारा द्यायचा. एकदा तहानेने कोसळला. आईने आपलं मनगट पुढे केलं. त्याने काळ्या वस्त्राची चिंधी फाडली, आईच्या मनगटाला बांधली, तोंड फिरवलं आणि तसाच लढायला गेला. शनिवार, काळं वस्त्र, आजाऱ्याचा राखणदार. बायकांना ते इतकं पटलं की एकीनेही विचारलं नाही, ही कुठली कहाणी. उमाकाकू तर हमसून हमसून रडल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी कडक उपास धरला आणि मनगटाला काळी चिंधी बांधली. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही बांधली, आत्याबाईंनीही. दर श्रावणात मग तीच कहाणी ठरून गेली. पुढेपुढे श्रीधरकाका स्वतःच डायलिसिसला जाताना मनगट पुढे करायला लागले. तिथली सिस्टर हसली तर तिला म्हणायचे, "हसू नका, आमचा माणूस पहाऱ्याला आहे बाहेर."

मी शनिवारी बँकेत असते. मला एवढंच माहीत होतं की आत्याबाई शेजारी कसलीशी कहाणी सांगतात. दर वर्षी त्या दिवशी त्या डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपायच्या. ते डोकं नव्हतं, ती लाज होती, हे मला कसं कळावं?

यंदा जुने सिनेमे पुन्हा लावायचं खूळ निघालं आणि मॉलमध्ये आत्याबाईंचा काळ्या कोटवाला लागला, तोही हिंदीत. मी जाम खूश. सुट्टीचा शनिवार बघून तीन तिकिटं काढली. तिसरं उमाकाकूंचं. दवाखाना सोडून ती बाई कित्येक महिन्यांत कुठे बाहेर पडली नव्हती, आणि चिन्मय, त्यांचा मुलगा, पुण्याहून आलेला होता, वडिलांजवळ बसणार होता. श्रावणाचा उपास होता, पण कहाणी पुढच्या शनिवारी होती, मग सिनेमाला काय हरकत?

"उमाताईला नको नेऊस," आत्याबाई म्हणाल्या.

"का पण?"

"त्यान्ला असलं आवडायचं नाय."

"तुम्हाला आवडतं ना? मग त्यांनाही आवडेल. एवढा आप्पलपोटेपणा बरा नाही, आत्याबाई!"

त्यांचे कान लाल झाले होते. मी पाहिलं, आणि चपला घातल्या.

थिएटरात मी कडेला, मध्ये आत्याबाई, त्यांच्या पलीकडे काकू. दोघींच्या मनगटांना काळ्या चिंध्या. काळा कोट पडद्यावर आला तेव्हा मी आत्याबाईंना कोपराने ढोसलं. त्या दगडासारख्या बसल्या होत्या. दवाखाना आला, पहारा आला, मारामारी आली. उमाकाकू पुढे सरकून बघायला लागल्या. मला वाटलं, रंगल्या.

मग तो कोसळला. एका बाईने मनगट पुढे केलं. त्याने कोटाची चिंधी फाडली.

उमाकाकूंनी हळूच मान वळवून आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी पदर ओढून पार कपाळाखाली घेतला. पडद्यावर तो हिंदीत काही बोलला, आणि मला आत्याबाईंचा पुटपुटल्यासारखा आवाज आला, "सोनिया, ही त्याची आई नाय?"

"नाही हो, डॉक्टरीण आहे. त्याच्यावर औषध शोधतेय ती."

"आन् शबूद?"

शब्द, वचन, आई, यातलं काहीच त्या सिनेमात नव्हतं. इंग्रजी सासऱ्यांनाही येत नव्हतं. घाबरलेल्या बायकोच्या कानात त्यांनी सगळं मनाने रचलं होतं. आत्याबाईंनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. त्या क्षणी त्यांना काय वाटलं असेल? नवऱ्यावर इतकी माया कधी आली नसेल, आणि बाजूला उमाकाकू बसलेल्या.

हाप टाइमला दिवे लागले. काकू सरळ समोर बघत म्हणाल्या, "चतुराबाई, हे काय आहे?"

"उमाताई, मला कहाणी येत नव्हती. लाज वाटली, म्हणून हे सांगितलं."

"लाज वाटली म्हणून?"

"व्हय."

"ह्यांच्या हातात सुया खुपसतात तेव्हा मी बाहेर बाकावर बसून धावा करते. इतकी वर्षं करते. कोणाचा केला मी?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे थंड पेयाची जाहिरात चालली होती. "ह्याचा?"

"त्याला शबूद हाये म्हणून इंद्रजीतचे वडील मला सांगायचे," आत्याबाई म्हणाल्या. "आज कळलं, तेबी त्यांनीच केलेलं."

"म्हणजे सिनेमातलंसुद्धा नाही. पुंडलिकरावांनी मारलेली थाप."

आत्याबाईंनी मान हलवली. एवढी शरम मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. मागच्या रांगेतली पोरं पॉपकॉर्न खात होती, त्यांच्यासमोर ही बाई हात जोडून बसली होती. मी "जाऊ या का घरी?" म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "नाही. शेवट बघू दे मला." आणि त्यांनी शेवटपर्यंत बघितला.

रिक्षातून फाटकाशी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "ह्यांना कळता कामा नये. पुढच्या शनिवारी या आणि नेहमीसारखी सांगा."

"मला आता नाय जमायचं, उमाताई."

"जमवा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो आठवडा आत्याबाईंनी कसा काढला, मला विचारू नका. नळाला पाणी आलं तरी बाहेर येईनात, काकूंचं फाटक वाजलं की मोरीत जायच्या. जेवण अर्धवट. मी समजूत घालायला गेले, की तुम्ही कोणाचं वाईट तर केलं नाही ना, तर माझ्यावरच उखडल्या. "तुला नाय कळायचं. देवाच्या पाटावर म्या पिच्चर बसवला. आन् त्या माउलीनं त्याच्यापायी उपास काढले. मला दरसाली वाटायचं, आवंदा सांगून टाकू. पर सांगायला बसले की ह्यांचा आवाज कानात यायचा. तेवढ्याच वक्ताला यायचा. मी लोभाला पडले, सोनिया." मग त्या रडल्या. तिकिटं मीच काढली होती, मी काय बोलणार?

शनिवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. उमाकाकूंनी पाट मांडून ठेवला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. बायका जमल्या. एरवी श्रीधरकाका आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायचे. त्या दिवशी चिन्मयने त्यांना धरून बाहेर आणलं आणि खुर्चीत बसवलं. माणूस निम्मा झाला होता.

आत्याबाई जमिनीकडे बघत सांगायला लागल्या. नगर झालं, निशाचर झाला, काळा घोडा झाला. "त्याची आई होती," त्या म्हणाल्या, "तिला त्यानं..." आणि पुढे शब्दच फुटेना. बायका वाट बघत राहिल्या. श्रीधरकाका खुर्चीत पुढे झुकले. मला वाटलं, आता ही बाई सगळं ओकणार.

"वचन दिलं होतं," उमाकाकू म्हणाल्या. "माणसाच्या रक्ताला तोंड लावणार नाही. पुढे सांगा."

आत्याबाईंनी पुढे सांगितलं. एकदाही वर न बघता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखं, अडखळत शेवटपर्यंत सांगितलं. जिथे त्या अडल्या तिथे काकूंनी पुढचं वाक्य दिलं. त्यांना अक्षर न् अक्षर पाठ होतं.

संपल्यावर बायकांनी अक्षता वाहिल्या. आत्याबाई उठून घाईने दाराकडे निघाल्या, तर श्रीधरकाका भिंतीला धरून उभे राहिले, दोन पावलं चालले आणि त्यांच्यासमोर वाकायला लागले. जन्मात देवळात न वाकलेला माणूस. आत्याबाई झटकन मागे सरल्या, पाय लुगड्यात ओढून घेतले. "नाय, नाय, काका, मी नाय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. काका अर्धवट वाकलेलेच राहिले, पाय थरथरत होते.

उमाकाकू पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि आत्याबाईंच्या डोळ्यांत बघत शांतपणे म्हणाल्या, "पाय पुढे घ्या, चतुराबाई. त्यांना वाकायला त्रास होतो."

आत्याबाईंनी पाय पुढे केला.