एक काना कमी
आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना सगळे भोंगाकाका म्हणत. बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात त्यांचा जन्म गेला. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते ओरडले की टोकाच्या फलाटावर झोपलेला माणूसही उठून आपल्या गाडीत जाऊन बसे. निवृत्तीनंतर बागेतल्या बाकावरही राज्य त्यांचंच होतं.

सत्तरीनंतर तो आवाज पातळ झाला, वर चढला आणि मध्येच फाटायला लागला. डॉक्टर म्हणाले, "वय झालं की होतं असं. बोलत राहा." काकांनी नेमकं उलटं केलं. एकदा बाकावर विनोद सांगताना आवाज चिरकला आणि मंडळी विनोद संपायच्या आधीच हसली. त्या दिवसापासून त्यांनी बागेचं नाव टाकलं. माणूस मोठा मानी, दुसरं काय!

एका सकाळी काकू बाजारात गेल्या असताना फोन वाजला. काकांनी उचलून "हॅलो" म्हटलं. पलीकडे काकांचा जिवलग दोस्त होता, निवृत्त ड्रायव्हर.

"वहिनी, भोंग्या आहे का?"

"मीच बोलतोय" एवढंच म्हणायचं होतं. पण मग "अरे, आवाजाला काय झालं तुझ्या?" हे आलंच असतं. काकांच्या तोंडून निघून गेलं, "बाहेर गेलेत."

"आल्यावर फोन करायला सांगा."

"सांगते."

'सांगतो'मधला एक काना उडवला आणि काका घरात असून बाहेर गेले. पुढे त्याची सवयच लागली. ड्रायव्हर वहिनींना गुडघेदुखी सांगायचा, सुनेच्या तक्रारी सांगायचा. एकदा म्हणाला, "खरं सांगा वहिनी, माझं काही चुकलं का? फोनसुद्धा करत नाही तो."

"नाही हो, कामात असतात."

निवृत्त माणसाला कसलं आलंय काम, असं त्या बिचाऱ्याने विचारलं नाही. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "मुलीकडे चाललोय, कायमचा. शनिवारी सकाळची गाडी आहे. त्याला म्हणावं, भेटायचं तर ये, नाहीतर राहू दे."

"सांगते."

त्या दिवशी काकांनी काकूंना सगळं सांगून टाकलं. काकू भडकल्या. "माझ्या नावावर काय काय खपवलंत! माझा आवाज घोगरा झालाय. दुकानदार फोनवर मला काका म्हणतो. म्हणून मी सामान मागवायचं सोडलं का?"

शनिवारी काका स्थानकावर गेले, पण पाय घुटमळले आणि उशीर झाला. गाडी सुरू झाली होती. खिडकीतून ड्रायव्हरने त्यांना पाहिलं आणि ऐकायला कानामागे हात धरला. काका जीव खाऊन ओरडले. इंजिनाच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. गाडी गेली. ज्या स्थानकावर त्यांच्या एका हाकेने माणसं उठायची, तिथल्याच बाकावर बसून काका रडले.

संध्याकाळी फोन वाजला. काकू जागच्या हलल्या नाहीत. काकांनीच उचलला.

"वहिनी, पोचलो बरं का. तो आला होता. ओठ हलताना दिसले, पण ऐकू काही आलं नाही. काय म्हणत होता हो?"

काकांनी घसा खाकरला. उपयोग काही झाला नाही, आवाज तसाच चिरका निघाला.

"सांगतो," काका म्हणाले.