सुरूच्या बनातला डबा

परदेशात राहणारा माझा आतेभाऊ एका हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आला. माझी तेव्हा बोर्लीला बँकेत बदली झाली होती आणि दिवेआगरला एका वाडीत मागच्या अंगाच्या खोल्या घेऊन मी एकटीच राहत होते. समुद्र बघून झाला, नारळी-पोफळी बघून झाल्या, मग एका दुपारी फोनमध्ये डोकं घालून तो म्हणाला, "इथे जवळच एक कॅश आहे. येतेस?"

मी म्हटलं, "आज सुट्टी आहे. कॅशचं नाव काढू नकोस."

मग त्याने नीट समजावून सांगितलं. लोक कुठेतरी छोटासा डबा लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका संकेतस्थळावर देतात आणि बाकीचे लोक फोन हातात घेऊन तो डबा शोधतात. डब्यात कागदाची गुंडाळी असते. तिच्यावर टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी यायचं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि त्या डब्याला कॅश.

"आणि मिळतं काय?"

"काही नाही," तो म्हणाला.

तो डबा ओढ्यावरच्या एका साकवाच्या लोखंडी कठड्याखाली लोहचुंबकाने चिकटवलेला होता. तो मलाच सापडला. आतेभाऊ परत गेला, पण मी शोधत राहिले. बँकेत दिवसभर लोकांशी बोलून झालेलं असे आणि या खेळात कोणाशी बोलावं लागत नसे, एवढंच कारण मला सांगता येतं. बँकेत 'कॅश' हा शब्द नको तिथे निघू नये म्हणून मी त्याला डबाच म्हणायची सवय लावून घेतली.

जाताना आतेभावाने मला रीतभात सांगितली होती. डब्यातली वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या आणि उंदीर येतात. जमीन खणायची नाही, जुन्या बांधकामाचा दगड हलवायचा नाही. लपवणाऱ्याने जागेच्या मालकाला आधी विचारायचं. आणि शोधताना आजूबाजूच्यांना कळू द्यायचं नाही, कारण कुतूहलापोटी कोणीतरी डबा उचलून नेतं. हा शेवटचा नियम आमच्या किनाऱ्यावर पाळणं किती अवघड आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. इथे परका माणूस रस्त्यात नुसता थांबला तरी त्याला कोणाकडे जायचंय ते विचारतात.

दिवेआगरच्या पुढे एक कोळीवाडा आहे. त्याच्या अलीकडे सुरूचं बन आणि बनाला लागून मासळी सुकवायची मोकळी जागा. नकाशावर तिथे एक डबा दिसत होता. एका रविवारी सकाळी मी स्कूटी लावून बनात शिरले आणि झाडांची मुळं बघत फिरू लागले. पलीकडे बांबूंवर बोंबील टांगले होते आणि चार-पाच बायका खाली अंथरलेला जवळा पालटत होत्या. थोड्या वेळाने त्यांतली एक साठीची बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली.

"काय हरवलं काय?"

मी काही बोलायच्या आत तिने माझ्या स्कूटीकडे बघितलं. "चावी काय?"

मी होकारार्थी मान हलवली. अशा वेळी काहीतरी हरवल्याचं सांगावं असं आतेभावाने सुचवलं होतंच.

बाईने मागे वळून हाक मारली, "अगो, या गो जरा. म्याडमची चावी पडली."

सगळ्या आल्या. जवळ्यावर कावळे बसू नयेत म्हणून एकीला मागे ठेवलं आणि बाकीच्या वाकून, सुरूच्या काड्या पायाने सारत शोधू लागल्या. जाळं विणत बसलेला एक माणूसही उठून आला. मी "राहू द्या, मी बघते" म्हणत होते, पण कोणी ऐकलं नाही. चावी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स माझ्या खांद्याला होती. त्या बायकांचं काम खोळंबलेलं बघून मला संकोच वाटू लागला होता. आता खरं सांगावं असं मी ठरवत होते, तेवढ्यात एका आडव्या पडलेल्या खोडापाशी वाकलेली ती साठीची बाई म्हणाली, "चावी न्हाय. डबा हाय."

तिने हात पुढे केला, तसा जाळंवाला ओरडला, "हात लावू नको, मावशी. मागं सर."

सगळ्या मागे सरल्या. कोणी हसलं नाही. या किनाऱ्यावर पूर्वी चोरून स्फोटकं उतरवली गेली होती, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. अनोळखी होडी दिसली, अनोळखी पेटी दिसली की कळवायचं, हे पोलिसांच्या दर बैठकीत सांगितलं जातं. डबा काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता. जाळंवाल्याने लगेच चौकीला फोन लावला.

मग मात्र मी सगळं सांगितलं. मी शोधत होते तो हाच डबा, यात धोका नाही, हा खेळ आहे. बायका ऐकत होत्या, पण माझ्यापासूनही त्या दोन पावलं लांब झाल्या होत्या.

"मंग चावी?" मावशीने विचारलं.

मी पर्समधून चावी काढून दाखवली.

हवालदार मोटरसायकलवर आले. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, फोनवरचा नकाशा बघितला आणि वरिष्ठांशी लांब जाऊन बोलले. परत येऊन म्हणाले, "डबा तुमचा नाही, आणि आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

"साधारण माहीत आहे."

हे उत्तर त्यांना पसंत पडलं नाही. बऱ्याच वेळाने दुसरे एक साहेब आले. त्यांनी डबा तपासला, सगळ्यांना आणखी लांब उभं केलं आणि स्वतःच उघडला. आत कागदाची गुंडाळी, एक गोटी, कोटाचं बटण आणि प्लास्टिकचा हत्ती होता. साहेबांनी गुंडाळीवरची टोपणनावं वाचली, माझा जबाब लिहून घेतला आणि हत्तीसकट डबा माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी चौकीत सांगून खेळा," एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर बायका जवळ आल्या. हत्ती एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरला. मावशी तेवढी लांब उभी होती. "जागा आमची हाय," ती म्हणाली. "इथं डबा ठेवला तो कोण?"

"मला माहीत नाही. कोणी पर्यटक असेल."

"त्यानं विचारलं न्हाय. तूपण विचारलं न्हाय."

ते खरंच होतं. आतेभावाच्या नियमांतही तेच होतं, फक्त ते लपवणाऱ्यापुरतं आहे असं मी धरून चालले होते.

घरी येऊन मी संकेतस्थळावरून त्या लपवणाऱ्याला झालं ते कळवलं. तो बंगळुरूचा निघाला. सहलीला आला असताना डबा ठेवून गेला होता आणि पुन्हा कधी आलाच नव्हता. त्याने माफी मागितली आणि विचारलं, तुम्ही तो दत्तक घ्याल का? डबा सांभाळायची जबाबदारी दुसऱ्याने घेतली तर त्याला असंच म्हणतात. मी लगेच होकार दिला नाही. पुढच्या रविवारी मावशीकडे गेले आणि डबा ठेवायचा की नाही ते तिनेच सांगावं असं म्हटलं.

तिने काळा चहा केला. मी खेळ पहिल्यापासून सांगितला. तिने दोन-तीनदा एकच प्रश्न विचारला, "आणि भेटतं काय?" शेवटी म्हणाली, "ठेव. पन बनात नको. माझ्या होडीपाशी ठेव, म्हंजे कोन येतं ते मला दिसंल."

तिची जुनी होडी वाळूवर पालथी घातलेली होती. आम्ही नवा पारदर्शक डबा घेतला, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत 'हा खेळाचा डबा आहे' असं लिहिलं, चौकीत कळवलं आणि होडीच्या फळीखाली आतल्या बाजूने तो बांधला. संकेतस्थळावरचं वर्णन मी बदललं. 'शोधताना कोणी विचारलं तर खरं सांगा' असं एक वाक्य त्यात घातलं. कोणा जुन्या खेळाडूने त्यावर नापसंती नोंदवली, असं केल्याने खेळाची मजा जाते म्हणून. मी ते वाक्य तसंच ठेवलं.

लोक क्वचितच येत. कधी पुण्याचं जोडपं, कधी मुंबईहून गाडी घेऊन आलेलं कुटुंब. मावशी बोंबलांपाशी बसून त्यांच्याकडे बघत राही. सुरुवातीला तिला ते सहन होत नसे. "बाई उन्हात दमली होती," ती मला सांगायची. "डबा हाताशी होता नि ती तिकडं हुडकत होती. मी सांगितलं तिला." मी म्हटलं, सांगायचं नसतं. पाणी द्या, सावलीला बसवा, पण जागा सांगू नका. तिला हे पटायला वेळ लागला. मग ती इतकी तयार झाली, की कोणी थेट विचारलं तरी "मला काय ठावं" म्हणून जवळा पालटू लागे. हे अर्थात माझ्या वाक्याच्या विरुद्ध होतं, पण ते वाक्य शोधणाऱ्यांसाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एकदा तीच म्हणाली, "माझी बहीन चौलला दिली हाय. तिकडं हाय काय डबा?"

होता. आम्ही दिघीहून गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने स्कूटीसकट आगरदांड्याला उतरलो आणि मुरूड, रेवदंडा करत चौलला पोचलो. बहिणीकडे जेवून एका जुन्या तळ्याच्या काठी गेलो. सूचनेप्रमाणे डबा दगड रचून केलेल्या गडग्याच्या जवळ होता. मावशीने पदर खोचला आणि एका टोकापासून सुरुवात केली. कोणी काय शोधताय विचारलं की ती शांतपणे सांगायची, "डबा. खेळ हाय." लोक थोडं थांबून पुढे जात. ऊन कलेपर्यंत शोधलं, पण डबा मिळाला नाही. रिकाम्या हाताने परतावं लागलं तरी ते संकेतस्थळावर लिहायचं असतं, म्हणजे लपवणाऱ्याला डबा बघून यायचं कळतं. मी फोन काढून 'सापडला नाही' अशी नोंद करू लागले.

"तसं लिवू नको," मावशी म्हणाली. "असंल तिथंच. आपल्याला दिसला न्हाय."

"यात तेवढंच लिहिता येतं."

"मंग काहीच लिवू नको. परत येऊ."

रीत म्हणून मी नोंद केली. परतीच्या वाटेवर फेरीबोटीत ती दिघी येईपर्यंत कठड्याला टेकून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

काही दिवसांनी त्या डब्याच्या मालकाचा निरोप आला. पावसाळ्यात गडगा ढासळला होता, नवा बांधताना डबा गेला होता आणि ते त्याला आमच्या नोंदीमुळेच कळलं होतं. मी मावशीला जाऊन सांगितलं. ती सुके बोंबील बांबूवरून उतरवत होती.

"म्हंजे आपली नजर चुकली न्हवती," ती म्हणाली. हातातली जुडी टोपलीत ठेवून तिने विचारलं, "पालीला हाय काय एखादा? गनपतीला जायचंच हाय."